बादलीचे पूर्वायुष्य

उन्हाळा चढू लागला की अहिल्यानगर जिल्ह्यात पाथर्डी, जामखेड, पारनेर आणि संगमनेरच्या पठार भागात टँकरची वाट पाहणारी निळी टिपाडे घरांपुढे मांडलेली दिसतात. २०० लिटरचे नवे टिपाड सगळ्यांनाच परवडत नाही. म्हणून जुने टिपाड भंगाराच्या दुकानातून किंवा आठवडे बाजारातून आणले जाते. रंगाच्या २० लिटरच्या बादल्या आणि तेलाचे १५ लिटरचे कॅनही असेच घरात येतात. त्यांत पिण्याचे पाणी भरतात, धान्य ठेवतात, लोणचे घालतात, लग्नाच्या पंगतीला मठ्ठाही करतात. यांतले कोणते भांडे अन्नाला चालेल आणि कोणते चालणार नाही, हे पारखायचे कसे, ते मात्र फारसे कोणी सांगत नाही.

परदेशातल्या एका छंदाने या प्रश्नाची बरीच उकल केली आहे. ब्रिटनमध्ये १९६३ पासून परवान्याशिवाय घरी बिअर करता येते. अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने तशी मोकळीक दिली. तिथले हौशी लोक बेकऱ्या आणि हॉटेलांतून आयसिंगच्या किंवा लोणच्याच्या रिकाम्या बादल्या फुकट वा थोडक्या पैशांत मिळवतात. आंबणारा द्रव त्या बादलीत आठवडा-दोन आठवडे राहतो, म्हणून बादलीत आधी काय होते हे ते पहिल्यांदा विचारतात. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय घरी बिअर करणे हा गुन्हा आहे, त्यामुळे तो छंद इथे करता येत नाही. त्यांचा प्रश्न मात्र आपल्या पाण्याच्या टिपाडालाही तितकाच लागू आहे.

सुरुवात प्लॅस्टिकपासून करू. टिपाडे बहुधा हाय डेन्सिटी पॉलिएथिलीनची, म्हणजे घट्ट बांधणीच्या पॉलिएथिलीनची असतात, तर रंगाच्या आणि खाद्यपदार्थांच्या बादल्या बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या. बुडाशी त्रिकोणात असलेला २ हा आकडा पहिल्या प्रकाराचा आणि ५ हा दुसऱ्याचा. दोन्ही प्रकार अन्नासाठी वापरले जातात. पण तो आकडा केवळ प्लॅस्टिकची जात सांगतो, कारण तो पुनर्प्रक्रियेच्या सोयीसाठी दिलेला असतो. भांडे अन्नयोग्य असल्याची हमी त्यात नाही.

अन्नयोग्य प्लॅस्टिकमध्ये मूळ द्रव्याबरोबर रंग आणि इतर मिश्रणेही ठरलेल्या यादीतलीच असावी लागतात. भारतीय मानक ब्युरोने पॉलिएथिलीनसाठी आयएस १०१४६, पॉलिप्रॉपिलीनसाठी आयएस १०९१० आणि रंगद्रव्यांसाठी आयएस ९८३३ ही मानके ठरवली आहेत. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग विनियमांनी ‘मायग्रेशन’वर, म्हणजे प्लॅस्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या द्रव्यांवर, मर्यादा घातली आहे. ती एक किलो अन्नामागे ६० मिलिग्रॅम आहे. या कसोटीला उतरलेल्या भांड्यावर बऱ्याचदा पेला आणि काट्याच्या चमच्याचे चिन्ह असते.

हे चिन्ह भांडे नवे असतानाची स्थिती सांगते. पुढे त्यात काय भरले गेले, याची नोंद त्यावर नसते, आणि खरा धोका तिथेच आहे. प्लॅस्टिक स्टीलसारखे अभेद्य नाही. त्याच्या लांब साखळ्यांमध्ये सूक्ष्म मोकळी जागा असते आणि द्रावके, तेले, कीटकनाशके यांचे लहान रेणू त्या जागेत हळूहळू शिरतात. हळदीची भाजी ठेवलेला प्लॅस्टिकचा डबा पिवळा पडतो आणि कितीही घासला तरी पूर्ण पांढरा होत नाही, त्याचे कारण हेच. साबण किंवा कॉस्टिक सोडा पृष्ठभाग स्वच्छ करतो. आत मुरलेल्या द्रव्यापर्यंत तो पोहोचत नाही.

आत मुरलेले द्रव्य पुढे नव्या पदार्थात उतरते. उष्णता, आंबटपणा, स्निग्धता आणि वेळ या चार गोष्टी त्याचा वेग ठरवतात. उन्हात तापणारे टिपाड, आंबट मठ्ठा, तेलात बुडालेले लोणचे आणि महिनोन्महिने केलेली साठवण या चारही गोष्टी आपल्या घरांत नेहमीच्या आहेत. शिवाय जुन्या भांड्याला ओरखडे पडलेले असतात. त्यांत जंतू घर करतात आणि घासणीलाही सापडत नाहीत.

हा धोका दोन प्रकारचा आहे. पहिला तात्काळ दिसतो. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका शाळेत माध्यान्ह भोजनानंतर २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले आणि ते तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवले होते, असे तपासातून पुढे आले. दुसरा धोका संथ असतो. रोजच्या पाण्यातून थोडे थोडे द्रव्य पोटात जात राहते, वर्षांनी त्रास होतो, आणि तेव्हा कोणाचेही बोट टिपाडाकडे वळत नाही.

कायद्याने हे ओळखलेले आहे. कीटकनाशकांचे रिकामे डबे पुन्हा वापरात येतील असे बाहेर टाकू नयेत, ते फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, असे १९७१ चे कीटकनाशक नियम सांगतात. घातक रसायनांनी माखलेली रिकामी पिंपे हा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे आणि त्यांची विल्हेवाट अधिकृत यंत्रणेमार्फतच लावावी लागते. ऊस, कांदा, डाळिंब आणि कपाशी पिकवणाऱ्या, शिवाय औद्योगिक वसाहती असलेल्या आपल्या जिल्ह्यात हे दोन्ही नियम रोजच्या व्यवहाराशी निगडित आहेत.

मग स्वस्त आणि तरीही सुरक्षित बादली कुठे मिळेल? जिथे अन्नच बनते, तिथे. बेकऱ्यांत क्रीम आणि प्रीमिक्स, म्हणजे केकचे तयार मिश्रण, बादल्यांतून येते. मिठाईवाल्यांकडे लिक्विड ग्लुकोज, म्हणजे पिष्टापासून केलेला घट्ट गोड पाक, पिंपांतून येतो. हॉटेलांत मेयोनीज, सॉस आणि लोणच्याच्या बादल्या रिकाम्या होतात. अहिल्यानगर शहर आणि शिर्डीत अशी ठिकाणे पुष्कळ आहेत. बादली घेताना मूळ लेबल शाबूत असावे आणि त्यावर १४ अंकी अन्न परवाना क्रमांक असावा. लेबल खरवडलेली बादली अन्नासाठी घेऊच नये.

रंगाची बादली कितीही मजबूत असली तरी ती बांधकामाला किंवा झाडांना पाणी घालायला ठेवावी. पाण्यात मिसळणाऱ्या रंगांतही तो नासू नये म्हणून जंतुनाशके घातलेली असतात. शंका असेल तर बादलीत गरम पाणी भरून, झाकण लावून रात्रभर ठेवावे आणि सकाळी वास घ्यावा. वास आला तर बादली बाद. पण वास न येणे हा सुरक्षिततेचा दाखला नव्हे, कारण कित्येक घातक द्रव्यांना वास नसतो.

हे सगळे एकत्र पाहिले तर निष्कर्ष स्पष्ट आहे. प्लॅस्टिकची जात आणि बुडाचा आकडा यांच्याइतकेच, किंबहुना अधिक, भांड्याचे पूर्वायुष्य महत्त्वाचे आहे. ज्याचा पूर्वेतिहास कळत नाही, ते भांडे फुकट मिळाले तरी महागात पडू शकते. मात्र ही पारख एकट्या ग्राहकावर सोपवणे अन्यायाचे आहे. टँकर दाराशी आल्यावर ज्याच्याकडे एकच टिपाड आहे, तो त्याचे लेबल तपासत बसू शकत नाही. म्हणून रसायनांची पिंपे भोक पाडल्याशिवाय कारखान्याच्या फाटकाबाहेर पडू नयेत, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने भंगाराच्या बाजारात जाऊन हे तपासावे. टँकरवर अवलंबून असलेल्या गावांत ग्रामपंचायतींनी अन्नयोग्य टिपाडे सवलतीत द्यावीत. पाण्याच्या शुद्धतेवर आपण खर्च करतोच; ते ज्यात साठते त्या भांड्याचाही त्या खर्चात समावेश व्हायला हवा.