सामायिक सेटिंग्ज गिटमध्येच हव्यात

हिंगोली जिल्ह्यातील औंढ्याच्या ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेला केंद्राने २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. उत्तम! परंतु उद्या तिची विदा हाताळू पाहणारे अनेक संशोधक आजही म्हणतात, ‘कोड गिटमध्ये आहे ना? मग कंपायलरच्या सेटिंग्ज ज्याच्या त्याच्या.’ हे साफ चूक आहे. ‘फास्ट-मॅथ’सारखा एकच पर्याय बेरजेचा क्रम बदलण्याची मुभा देतो, तोच कोड मग दोन संगणकांवर भिन्न उत्तरे देऊ शकतो. इथे जयपुरात सवाई जयसिंहाने सम्राट यंत्राचा अक्षांशाइतका, २७ अंशांचा कल दगडातच बांधला. निरीक्षकाच्या मर्जीवर सोडला नाही. एडिटरची रंगसंगती खुशाल आपापली ठेवा, पासवर्ड तर गिटमध्ये ठेवूच नका. मात्र उत्तर बदलू शकणारी प्रत्येक सेटिंग कोडशेजारीच नोंदलेली हवी. अन्यथा तो निष्कर्ष विज्ञान नव्हे, ऐकीव गोष्ट ठरेल.