उद्यापासून नक्की

वाचकहो, आमची धाकटी बहीण खानापूर तालुक्यातील एका लहानशा गावी दिलेली आहे. घरी चार एकर भातशेती, दोन म्हशी आणि तीन मुले. त्यांतला थोरला बारावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला, तेव्हा ‘मामाच्या घरी राहून पुढे शिकेल’ असे ठरले. २०२२ च्या पावसाळ्यात तो गोवा एक्सप्रेसने ग्वाल्हेरीस आला. सामानात एक ट्रंक, एक हॉकीची काठी आणि आजोबांची जुनी बाजाची पेटी होती. ट्रंकेत पुस्तके किती आहेत हे आम्ही त्या वेळी विचारले नाही. विचारावयास हवे होते.

त्या घरातून विद्यापीठाची पायरी चढणारा हा पहिलाच मुलगा. त्याच्या शुल्कासाठी आमच्या मेहुण्यांनी सोसायटीचे कर्ज काढले आहे, हे आम्हांस ठाऊक होते. मुलालाही ठाऊक होते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे जे घडले त्याचे मूळ तिथेच आहे.

अशा आवडीनिवडीच्या मुलाला ग्वाल्हेरइतके मोहाचे शहर दुसरे सापडणे कठीण. इथे तानसेनाची कबर आहे आणि दर डिसेंबरात तिच्यासमोर गायक-वादकांची मांदियाळी जमते. हद्दू खाँ, हस्सू खाँ यांनी ज्या ख्यालगायकीला रूप दिले ती याच गावची. ती शिकण्यासाठी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर आपला मुलूख सोडून इथे आले, वासुदेवबुवा जोशी यांच्या पायाशी बसले आणि ही विद्या महाराष्ट्रात घेऊन गेले. हॉकीचे म्हणाल, तर मेजर ध्यानचंद यांचे धाकटे बंधू कॅप्टन रूप सिंह इथलेच झाले. १९७७ साली त्यांचा देह इथेच पडला. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेवर २४ गोल केले, त्यांतले १० एकट्या रूप सिंहांचे. त्यांच्या नावाचे मैदान शहरात आहे. मात्र जगाला ते ठाऊक आहे ते २०१० साली तेंडुलकरांनी तिथे काढलेल्या २०० धावांमुळे. या गोष्टीचा आमच्या भाच्याला आजही राग येतो.

पहिले वर्ष ठीक गेले. सकाळी कॉलेज, सायंकाळी एका वृद्ध गुरुजींकडे गाण्याची तालीम, रविवारी मिस्सेच्या वेळी गायनवृंदासाठी पेटी. दुसऱ्या वर्षी गणिताचा एक विषय राहिला. पुरवणी परीक्षेची तारीख लागली ती ७ ऑगस्ट २०२४. हातात पुरता सव्वा महिना होता.

पहिल्या दिवशी त्याने अभ्यासाचे वेळापत्रक तयार केले. लाल, निळ्या आणि हिरव्या शाईत आखलेले ते वेळापत्रक इतके सुबक होते की आमच्या सौभाग्यवतींनी ते शेजारणीला नेऊन दाखविले. त्या कामात तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी मेज आवरावयाचे निघाले. तिसऱ्या दिवशी पेटीचा एक सूर अडकू लागला, आणि अडक्या सुराने मन लागत नाही म्हणून पेटी उघडून दुरुस्त करण्यात आली. चौथ्या दिवशी शनिवार होता. नवे काम सोमवारी आरंभावे हे बरे. असे करता करता जुलै संपला. आम्ही विचारले की तो हसून म्हणे, “मामा, उद्यापासून नक्की!”

इतक्यात पॅरिसचे ऑलिंपिक आले. ४ ऑगस्टला, रविवारी, दुपारी दीड वाजता ग्रेट ब्रिटनशी उपउपांत्य सामना होता. मिस्सेहून येऊन, जेवण उरकून सारे घर टीव्हीसमोर बसले. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदास यांना लाल कार्ड दाखविण्यात आले आणि साठ मिनिटांच्या खेळातली चाळीसहून अधिक मिनिटे आपले दहा खेळाडू त्यांच्या अकरांशी झुंजले. सामना १–१ असा सुटला आणि शूटआउटमध्ये ४–२ ने आपण जिंकलो. श्रीजेशने गोल अडविला तेव्हा भाचा ओरडला. आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही ओरडलो. त्या सायंकाळी पुस्तक उघडले गेले नाही.

मंगळवारी, ६ तारखेच्या रात्री साडेदहाला, जर्मनीशी उपांत्य सामना. दुसऱ्या दिवशी सकाळी गणिताचा पेपर. या वेळी वडीलधारे म्हणून टीव्ही बंद करणे हे आमचे कर्तव्य होते. आम्ही म्हटले, “पहिला भाग पाहू आणि मग झोपू.” सातव्या मिनिटाला हरमनप्रीतने गोल केला, आणि आमचे कर्तव्य तिथेच राहिले. मध्यंतरापर्यंत जर्मनी २–१ ने पुढे गेली, सुखजीतने बरोबरी साधली, आणि अखेरची सहा मिनिटे उरली असता जर्मनीने तिसरा गोल केला. ३–२. मध्यरात्र उलटून गेली होती. भाचा उठला, दिवा लावून मेजाशी बसला, आणि पहाटे आम्ही पाहिले तो तसाच बसलेला. पुस्तक उघडे, पान पहिलेच.

पेपर देऊन तो दुपारी परतला तो जेवला नाही. सायंकाळी दिवे लागले तरी खोलीत अंधार होता. आम्ही आत जाऊन जवळ बसलो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “मामा, मी हॉकी पाहिली म्हणून पेपर बिघडला असे तुम्हांला वाटते ना? तसे नाही. सामना नसता तरी मी वाचले नसते. ते पुस्तक उघडले की मला बाबांचे कर्जाचे कागद दिसतात. पुन्हा नापास झालो तर त्यांना काय सांगू, हा विचार सुरू होतो आणि अक्षरे दिसेनाशी होतात. मग मी पुस्तक मिटतो. पेटी उघडली की ते सारे विसरता येते.”

वाचकहो, इतकी वर्षे आम्ही या सदरातून तरुणांच्या आळसाविषयी पुष्कळ लिहिले आहे. त्या सायंकाळी आम्हांला कळले की आम्ही ज्याला आळस म्हणत होतो, ते पुष्कळदा भय असते. आळशी मनुष्य स्वस्थ झोपतो. आमचा भाचा तर सव्वा महिना स्वस्थ झोपला नव्हता. ज्या कामावर आपले आणि आपल्या माणसांचे सारे भवितव्य टांगलेले आहे असे वाटते, तेच काम हातात घेण्याचा धीर होत नाही. ‘उद्या’ हा शब्द अशा वेळी लपावयाची जागा होतो. आणि गंमत अशी की लपून राहिल्याने भय कमी होत नाही; दिवसागणिक ते वाढते आणि दिवस मात्र कमी होतात.

“बाबांना तू स्वतः सांग,” एवढेच आम्ही म्हणालो. त्याच रात्री त्याने गावी फोन लावला. विषय राहिला होता हेही तोवर तिकडे सांगितलेले नव्हते. आमचे मेहुणे मोजके बोलणारे. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, “अरे, रोपे कुजली तर आम्ही दुसरी रोपे टाकतो. त्यात लाज कसली? पण बांधावर बसून उद्या बघू, उद्या बघू म्हणत राहिलो तर वर्ष जाते. कर्ज माझे आहे, ते मी फेडतो. तू तुझे शेत बघ.” फोन ठेवल्यावर भाचा रडला, आणि मग जेवला. दुसऱ्या दिवशी, ८ तारखेला, भारताने स्पेनला २–१ ने हरवून कांस्यपदक मिळविले. तो सामना त्याने पाहिला. मन हलके झाले होते म्हणून तो नीट पाहता आला, असे तो म्हणाला.

पुढे निकाल लागला तो अपेक्षेप्रमाणेच. बातमी नातेवाइकांत पसरली आणि उपाय सुचविणारे पुष्कळ निघाले. कोणी म्हणाले, पेटीला कुलूप घाला. कोणी म्हणाले, काठी गावी धाडा. आमचाही हात कुलपाकडे गेलाच होता. परंतु दोन माणसांच्या चरित्रांनी आम्हांस अडविले.

पहिले पंडित विष्णु नारायण भातखंडे. १८६० साली मुंबईस वाळकेश्वरी जन्मलेल्या या गृहस्थांनी विद्यार्थिदशेतच सतारीचा अभ्यास धरला, तरी कॉलेजच्या परीक्षा सोडल्या नाहीत. १८८७ साली ते कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि काही काळ त्यांनी वकिलीही केली. पुढे त्यांनी संगीताचे शास्त्र मराठीत ग्रंथबद्ध केले आणि १९१८ साली आमच्या ग्वाल्हेरीत माधव संगीत महाविद्यालय उभे राहिले ते त्यांच्याच पुढाकाराने. गाणे आणि परीक्षा एका घरात नांदू शकतात, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

दुसरे जयपाल सिंह मुंडा. रांचीकडील टकरा या खेड्यातल्या आदिवासी घरात १९०३ साली जन्मलेला हा मुलगा मिशनरी शाळेत शिकून ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजापर्यंत पोहोचला. तिथे तो विद्यापीठाच्या संघातून हॉकी खेळला आणि पदवीही सन्मानाने मिळविली. पुढे तो आय.सी.एस.साठी निवडला गेला. उमेदवारीचा काळ चालू असतानाच १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकसाठी भारतीय संघाचे कर्णधारपद चालून आले. रजा मिळाली नाही. तो रजेवाचून गेला. अंतिम सामन्यात तो खेळला नाही, परंतु भारताने आपले पहिले हॉकी सुवर्णपदक जिंकले ते त्याच स्पर्धेत. परतल्यावर उमेदवारीचे आणखी एक वर्ष काढावे लागेल असे त्याला सांगण्यात आले, तेव्हा त्याने ती नोकरीच सोडली. याच जयपाल सिंहांनी पुढे घटनासमितीत आदिवासींची बाजू मांडली.

जयपाल सिंहांचे करणे योग्य की अयोग्य, याचा वाद इथे नको. एक मात्र खरे, की त्यांनी निवड केली. उघड्या डोळ्यांनी एक गोष्ट घेतली, दुसरी सोडली, आणि तिची किंमत न कुरकुरता मोजली. आमच्या भाच्याने हॉकी निवडली नव्हती, गाणेही निवडले नव्हते. त्यांच्या आड तो लपला होता. निवड करणे आणि टाळणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात, कारण दोन्हींत पुस्तक मिटलेलेच असते. परंतु निवडणाऱ्याला खेळाचे सुख मिळते. टाळणाऱ्याला ना अभ्यासाचे, ना खेळाचे.

कुलूप राहिले आणि आम्ही भाच्यासह त्याच्या गुरुजींकडे गेलो. सारी हकीकत ऐकून त्यांनी विचारले, “सकाळी रियाजाला बसताना तू प्रथम काय करतोस?” तो म्हणाला, “षड्ज लावतो.” “ख्याल किती मोठा आहे, मैफल कशी होईल, याचा विचार करतोस का?” “नाही.” “मग पुस्तकालाही षड्ज लाव. रोज त्याच वेळी, त्याच जागी, एकच उदाहरण. ते सुटो वा न सुटो. पाव घटका बसून उठलास तरी चालेल. पण बसल्याशिवाय पेटीला हात लावू नकोस.”

इतका साधा उपाय ऐकून आम्हांला शंका आली होती. परंतु भय मोठ्या गोष्टीचे वाटते, एका उदाहरणाचे वाटत नाही, हे गुरुजींनी ओळखले होते. सकाळी सहाला भाचा मेजाशी बसू लागला. पहिले आठ दिवस तो खरोखरच पाव घटकेत उठे. नंतर एका उदाहरणाची दोन झाली, दोनांची पाच. मग मात्र पेटी मनमोकळी वाजू लागली, कारण तिच्यामागे आता काही लपविलेले नव्हते. सामन्यांसाठीही त्याने नियम केला: कोणता सामना पाहावयाचा हे आठवड्याच्या आरंभी ठरवावे आणि तो पूर्ण पाहावा, उरलेल्यांचा निकाल दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचावा. एका सकाळी तो चुकला, दोन सकाळी चुकला. पण तिसऱ्या दिवशी पुन्हा बसला. पुढल्या परीक्षेत तो विषय सुटला. गुण फार मोठे नव्हेत, बावन्न.

आपल्या गावोगावची पुष्कळ मुले आज अशीच शहरांत शिकावयास राहिली आहेत. त्यांच्या आईबापांस आमची विनंती आहे की सुट्टीत मुलगा वा मुलगी घरी आली, म्हणजे गुण विचारण्याआधी, “कशाची भीती वाटते का रे?” असे एकदा विचारावे. कर्जाची गोष्ट मुलांपासून लपवू नये, पण ती त्यांच्या डोक्यावर ठेवूही नये. आणि विद्यार्थ्यांस सांगणे इतकेच की, विषय राहिला असेल तर तो घरी आजच कळवा. ते एक वाक्य उच्चारणे हेच सर्वांत कठीण उदाहरण. ते सुटले की पुढली सोपी जातात.

राहता राहिली आमची गोष्ट. या सदराचा मजकूर दर बुधवारी संपादकांकडे पोहोचावयास हवा, आणि तो मंगळवारी रात्री दिव्याखाली लिहिला जातो, हे संपादक जाणतात आणि सोसतात. भाच्याला उपदेश करताना त्याने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर आम्ही विसरलो नाही. हा लेख आम्ही शनिवारी सकाळी सहाला, त्याच्यासमोर बसून लिहावयास घेतला. तो आपले उदाहरण सोडवीत होता. त्याचे आधी झाले.