रात्रीं दारें धरणाऱ्याचे पाय

बैलाचे खूर झिजूं लागले कीं शेतकरी नालबंदास बोलावून पत्र्या ठोकवून घेतो. त्या खर्चाबद्दल घरांत कोणी कुरकुर करीत नाहीं; तो शेतीचाच खर्च होय, हें सर्वांस मान्य असतें. मात्र ज्याच्या पायांवर रब्बीचें सारें पाणी अवलंबून आहे, त्या माणसाच्या पायांत काय आहे, याची चौकशी आपण करीत नाहीं. रात्रीं पाणी देणाऱ्याचें पादत्राण हें अवजारांप्रमाणेंच शेतीच्या जमाखर्चांत धरलें पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत कृषिपंपांस वीज आळीपाळीनें, कधीं दिवसां तर कधीं रात्रीं, मिळत आली आहे. ती दिवसां मिळावी म्हणून सौर कृषिवाहिनीची योजना २०१७ सालीं निघाली. तिचा लाभ ज्यांस पोंचला ते सुदैवी होत. इतरांस ऐन पौषांत वाफ्यांतला चिखल तुडवीत रात्र काढावी लागते. निफाडकडे तर पारा कधीं कधीं पांच अंशांच्याहि खालीं उतरतो. वहाणा बांधावर काढून अनवाणी उतरण्याची रीत सर्वत्र आहे. तिचें फळ म्हणजे टाचांच्या भेगा आणि बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या. अशा फुटलेल्या कातडींतून रोगजंतूंस आयती वाट मिळते. उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून होणारा लेप्टोचा ताप कोंकणांतील भातशेतकऱ्यांस चांगला ठाऊक आहे. शिवाय अंधारांत घोणस किंवा फुरसें यांवर पाय पडण्याचें भय आहेच. सर्पदंश बहुतेक गुडघ्याखालींच होतात.

कातडी वहाण कोरड्या रानास उत्तम. पण ओलींत ती फुगते, तिची शिवण कुजते आणि पाऊल उघडेंच राहतें. या कामास गुडघ्यापर्यंत येणारा रबरी बूटच हवा. प्लॅस्टिकचा बूट स्वस्त पडतो, परंतु थंडींत ताठरतो. रबर लवचीक राहतें. तळास खोल खांचा असाव्या. बूट संध्याकाळीं, पाय दिवसभराच्या श्रमानें किंचित् फुगलेले असतांना, आणि जाड मोजा घालूनच मापून घ्यावा.

रबर पाणी अडवितें, थंडी अडवीत नाहीं, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. ऊब मोज्यानें मिळते. सुती मोजा भिजला कीं गारठतो; लोकरीचा ओलसर झाला तरी ऊब धरतो. भिजलेल्या घोंगडीचा अनुभव ज्यांस आहे त्यांस हें निराळें सांगावयास नको.

बूट काळ्या चिखलांत रुततो व आंत घाम येतो, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाहीं. परंतु घोट्याशीं नीट बसणारा बूट सहसा निसटत नाहीं, आणि मोज्यांचा दुसरा जोड जवळ असला म्हणजे घामाचीहि सोय होते. काम संपल्यावर बूट धुवून सावलींत उलटे ठेवावे. घालण्यापूर्वीं झटकावे, कारण आंत विंचू बसलेला असूं शकतो. बूट आहेत म्हणून विजेरी मात्र घरीं ठेवूं नये.

राहतां राहिला गड्याचा प्रश्न. घरांतला एकच जोड आळीपाळीनें सर्वांनीं वापरणें योग्य नव्हे. त्यानें माप जमत नाहीं आणि एकाच्या चिखल्या दुसऱ्यास लागतात. प्रत्येकास त्याच्या मापाचा जोड द्यावा आणि त्याची किंमत मजुरींतून कापूं नये. पत्र्यांचे पैसे बैलाच्या वैरणींतून आपण कापीत नाहीं. पाडव्यास सालगड्याचें साल ठरवितांना धान्य, कपडे व घोंगडी यांची बोली पुष्कळ ठिकाणीं होत आली आहे. तींत या जोडाची भर घालणें कोणाहि बागायतदारास जड जाऊं नये.