भुश्याची शेगडी

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना प्रस्तुत लेखकाची एक फुशारकी ठाऊक आहे. मराठीचा प्राध्यापक असूनही घरातला फ्यूज मी स्वतः बांधतो. तांबडी तार जिवंत, काळी थंड, हिरवी जमिनीची, हा मंत्र वडिलांनी मला मुंजीच्या वयात दिला. त्या बळावर मी आजवर घरची इस्त्री, मिक्सर आणि शेजारच्या काकूंची पाणी तापवायची कांडी एवढ्यांना जीवदान दिले आहे. हा मंत्र सातासमुद्रापलीकडे उलटा पडतो हे मला २०२३ च्या दिवाळीत कळले. ते ज्या रीतीने कळले ते आठवले की अजून तळहाताला घाम सुटतो.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यातल्या नॅशुआ या गावी असतो. बाबा गेल्यावर त्याने खटपट करून आईचे ग्रीन कार्ड मिळवले आणि त्या वर्षी मे महिन्यात तिला नेले. ऑक्टोबर लागला तसे आईचे फोनवरचे बोलणे आखूड होऊ लागले. एकदा म्हणाली, "अरे, इथल्या उन्हालासुद्धा ऊब नाही." एवढे मला पुरले. दिवाळीच्या सुट्टीला रजेचे दिवस जोडले आणि परतीची दोन तिकिटे काढली.

पोचलो तो दिवाणखान्याच्या कोपऱ्यात काचेचे दार असलेले एक काळे लोखंडी कपाट उभे.

"पेलेट स्टोव्ह," धाकटा म्हणाला. "आईच्या खोलीत तेलाच्या भट्टीची ऊब नीट पोचत नाही, म्हणून आणलाय."

माझ्या खिशात दुसरे तिकीट होते, त्याच्या कोपऱ्यात ही शेगडी होती. दोघांनीही आपापली वस्तू अजून आईपुढे मांडली नव्हती इतकेच.

हे प्रकरण आहे मात्र मोठे गमतीचे. लाकडाच्या वखारीतला भुसा यंत्रात इतका दाबतात की लाकडातल्याच चिकट द्रव्याने तो घट्ट धरतो. वेगळा डिंक लागत नाही. बाहेर पडतात त्या बोरूएवढ्या जाडीच्या आखूड कांड्या. दिसायला थेट गोळीपेंड! चाळीस पौंडांचे, म्हणजे अठरा किलोंचे एक पोते, आणि पन्नास पोत्यांचा तिथला एक टन. १९७३ साली खनिज तेल महागले तेव्हा तिकडचे लोक असल्या जळणाकडे वळले आणि घरगुती शेगड्या १९८० नंतरच्या दशकात आल्या. वरच्या पेटीत पोते ओतायचे. खाली एक मळसूत्र फिरते, ते कांड्या थोड्याथोड्या करून एका लोखंडी वाटीत सोडते. विजेची एक सळई तापून त्या पेटवते. एक पंखा विस्तवाला वारा देऊन धूर नळकांड्यातून बाहेर काढतो, दुसरा खोलीत ऊब फेकतो. भिंतीवरचे यंत्र खोलीची उष्णता मोजून शेगडीला हुकूम सोडते.

धाकट्याने हे सगळे आईला दहा मिनिटे समजावले. आईने चार कांड्या तळहातावर घेतल्या, चुरगाळून पाहिल्या, वास घेतला.

"म्हणजे भुश्याची शेगडी," ती म्हणाली.

आमच्या आजोळी ती होती. पत्र्याचा डबा, तळाशी बाजूला एक भोक. भोकातून आडवे दांडके घालायचे, मधोमध बाटली उभी धरायची आणि भोवती भुसा ठासायचा. ठासणे हे आईचे काम, वय वर्षे दहा. सैल ठासला तर पेटताना ढासळतो, फार ठासला तर धुमसत राहतो. मग बाटली आणि दांडके अलगद फिरवून काढून घ्यायचे, आणि उरलेल्या पोकळीत कागद पेटवून टाकायचा. एकदा धरली की आमटी-भात होऊन वर आंघोळीचे पाणी तापायचे. हे सांगताना आईने दोन्ही हातांनी हवेत बाटली फिरवून काढून दाखवली. तिला इतके बोलताना मी बऱ्याच महिन्यांनी ऐकत होतो. तिकीट खिशातच राहिले.

राहिले होते विजेचे काम. नळकांडे बसवून गेलेल्या माणसाने, शेगडीसाठी भिंतीत स्वतंत्र जोडणी घ्या, असे सांगितले होते. त्या राज्यात स्वतःच्या घरातले विजेचे काम घरमालकाला करता येते. नगरपालिकेचा परवाना धाकट्याने काढला होता, तार ओढून ठेवली होती, भिंतीतले घर तेवढे जोडायचे होते. त्या संध्याकाळी तो पोती आणायला निघाला. मेन स्विच बंद होता. "दादा, मी आल्यावर बघू," असे तो बजावून गेला. पण थोरल्या भावाने धाकट्याची वाट पाहायची म्हणजे काय!

वरचे वेष्टण सोलले तर आत तीन तारा. एक काळी, एक पांढरी, एक उघडी तांब्याची. तांबडी नव्हतीच. मी व्याकरणाच्या रीतीने विचार केला. उघडी ती जमिनीची, हे उघडच आहे. काळी ती थंड, हा पितृदत्त मंत्र. उरली पांढरी, तेव्हा जिवंत तीच. भिंतीतल्या घराला एका बाजूला पितळी स्क्रू होते, दुसऱ्या बाजूला रुपेरी. ती मला शोभा वाटली. तारा आवळल्या, झाकण बसवले. धाकटा आल्यावर मेन चालू करून टेबलावरचा दिवा लावून दाखवला. दिवा झकास लागला. आई कौतुकाने म्हणाली, "यांचा हात आहे हो त्याच्या हातात."

धाकटा शेगडीचा पिन घालणार, एवढ्यात त्याची अकरा वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, तो तीन दिव्यांचा ठोकळा आधी लावायचा ना?" अंगठ्याएवढी वस्तू. दोन पिवळे दिवे लागले तर जोडणी बरोबर. ठोकळ्यात एक पिवळा लागला आणि एक तांबडा.

धाकट्याने मेन बंद केला. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "दादा, इथं काळी जिवंत असते."

दिवा कसाही जोडला तरी लागतो, हेच त्यातले मरण. बटणाने विजेची येती वाट तोडली पाहिजे. तारा उलट असल्या तर परतीची वाट तुटते. शेगडी विझलेली दिसते, पण आतल्या भागात वीज तशीच उभी. आणि रोज सकाळी शेगडी बंद करून लोखंडी चमच्याने राख कोण काढणार, हे काल रात्रीच ठरले होते. आई म्हणाली होती, ते काम माझे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. धाकट्यालाही लागली नसावी. दोनच्या सुमारास तो भिंतीपाशी विजेरी घेऊन बसलेला दिसला. मी जाऊन विजेरी धरली. पितळी स्क्रूला काळी, रुपेरीला पांढरी, हिरव्याला उघडी. आम्ही दोघे एका कामावर असे शेजारी बसलो ते बाबांच्या तेराव्यानंतर प्रथमच. बोललो फारसे नाही.

तपासनीस पाहून गेला. रविवारी, १२ नोव्हेंबरला नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आले होते. पहाटे शेगडी पेटवायचे ठरले. धाकट्याने बटण दाबले. घरघर झाली, वारा सुटला, पण विस्तव कुठला! पाच मिनिटांनी यंत्रावर चुकीची खूण. आई म्हणाली, "डबा भरलाय, पण वाटीत काही आलंय का?" मळसूत्र कोरे होते, त्यातून पहिल्या कांड्या वाटीपर्यंत पोचायलाच वेळ लागतो. माहितीपुस्तकात हे होते, पण आईने ते वाचले नव्हते. मूठभर कांड्या वाटीत टाकून पुन्हा बटण दाबले. आधी पांढरा धूर, मग काचेमागे एकदम पिवळी ज्योत. पाठोपाठ नवा रंग भाजल्याचा असा वास सुटला की सगळ्या खिडक्या उघडाव्या लागल्या. बाहेर गोठवणारी थंडी, आत शेगडी, आणि आम्ही स्वेटर घालून दोन्हींच्या मध्ये. बिनवासाच्या विषारी वायूचा इशारा देणारा भोंगा मात्र गप्प राहिला.

तासाभराने खिडक्या लागल्या. आईने तेलाची वाटी शेगडीच्या माथ्यावर ठेवली आणि आम्हां दोघांना पाटावर बसवले. चोळता चोळता विचारले, "आणि वीज गेली तर?"

धाकटा गप्प. डिसेंबर २००८ मध्ये त्या भागात बर्फाचे वादळ झाले होते, लाखो घरांची वीज गेली होती, आणि काहींची परतायला दहा दिवसांहून अधिक लागले होते. हे त्याला शेजाऱ्यांनी सांगितलेले. भुसा भरपूर असला तरी मळसूत्र आणि पंखे विजेवरच चालणार. इथे मात्र माझी विद्या उपयोगी पडली. पुण्यातल्या भारनियमनाच्या दिवसांत इन्व्हर्टरशी माझी जन्माची ओळख झालेली. कसला घ्यावा, बॅटरी केवढी, हे मी सांगितले. जोडण्यासाठी वायरमन बोलवावा, हेही मीच सांगितले.

"त्या पोत्यांचा हिशेब कुणी ठेवायचा?" आई म्हणाली. "तुम्हां दोघांना जमायचा नाही."

तिकीट मी त्या दुपारी खिशातून काढले. बदलायचे पैसे धाकट्याने भरले.

निघण्याच्या दिवशी बॅग भरताना शेगडीमागच्या भिंतीवर चिकटवलेला एक कागद दिसला. आईचे ठळक अक्षर : "काळी जिवंत. थोरल्याने हात लावू नये."