कुकरचा व्हॉल्व्ह हा क्षुल्लक प्रश्न आहे काय?

ग्राहकाची तक्रार म्हणजे सुखवस्तू मध्यमवर्गाची कुरकुर, असा एक समज डाव्या चळवळीतील कार्यकर्त्यांत दीर्घकाळ रुजलेला आहे. लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत मजुरीतून पैसे साठवून प्रेशर कुकर विकत घेणारी स्त्री मध्यमवर्गात केव्हा जमा झाली, याचा खुलासा मात्र कोणी करीत नाही.

कुकरच्या झाकणावरील सेफ्टी व्हॉल्व्ह हा एक चिमुकला भाग. शिटीचे भोक डाळीने बुजले, तर त्यातील मिश्रधातू वितळून वाफेला वाट मिळावी, एवढेच त्याचे काम. ते त्याने केले नाही तर झाकण उडते व स्वयंपाक करणारी बाई भाजते. आणि अनेक उत्पादकांच्या हमीपत्रांतून नेमके हेच भाग, व्हॉल्व्ह व रबरी रिंग, 'झिजणारे' म्हणून वगळलेले असतात. भांड्याच्या पत्र्याला हमी आहे, जिवाला नाही! तक्रार नेली की दुकानदार सेवाकेंद्राकडे बोट दाखवतो आणि सेवाकेंद्र नवा व्हॉल्व्ह विकत घ्यावयास सांगते. उत्पादनातील दोष हीसुद्धा विक्रीची संधी ठरते. एवढ्याशा भागासाठी कोणी दिवसाची मजुरी बुडवणार नाही, हा हिशेब त्यामागे असतो.

शासन काय करते? १ फेब्रुवारी २०२१ पासून कुकरवर भारतीय मानक चिन्ह सक्तीचे झाले. तरीही ॲमेझॉनच्या बाजारपेठेतून चिन्हाविना २,२६५ कुकर विकले गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कुकर परत घेऊन ग्राहकांचे पैसे देण्याचा आदेश दिला, हे मान्य. पण या विक्रीवर कंपनीने मिळविलेले शुल्क सहा लाखांहून अधिक, आणि दंड एक लाख!

२०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्याच जिल्ह्यात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी दाखल शुल्कही नाही. परंतु वस्तूचा दोष प्रयोगशाळेत तपासावयाचा झाल्यास तिचे शुल्क आयोग तक्रारदारासच भरावयास लावू शकतो. दारे उघडी, पण उंबरठा उंच, असा हा न्याय आहे.

तो एकट्याने ओलांडता येत नाही. समान हितसंबंध असलेल्या अनेकांच्या वतीने, आयोगाच्या अनुमतीने, एकत्र तक्रार करण्याची सोय कलम ३५ मध्ये आहे. ती वापरणारे हात कोठे आहेत? १९७२ साली मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध मुंबईच्या रस्त्यांवर लाटणी आणली, तेव्हा स्वयंपाकघर हे राजकारणाचे क्षेत्र आहे की नाही, हा वाद निकालात निघाला होता. नांदेड-लातूरच्या शाखांनी एका महिन्यात वस्तीवस्तीतून सदोष व्हॉल्व्ह आणि त्यांच्या पावत्या गोळा कराव्यात. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. पावती नसलेल्यांचे काय, हे आधी दुकानदारांनाच विचारावे लागेल.