आखूड बास विकू नका!

कॉलेजच्या वाद्यवृंदातला आखूड बास गिटार विकून लांब घ्यावा, अशी मित्रांची मागणी आहे. मला ती पटत नाही. लांब बासच्या तारेची लांबी मेरूपासून घोडीपर्यंत 34 इंच, आखूडची सुमारे 30. पॉल मॅकार्टनीचा हॉफनर आखूडच! लहान हातांच्या मुलामुलींना तोच झेपतो.

‘बेसूर वाजतो’ ही तक्रार निगेची आहे. तारा आखूड मापाच्याच हव्यात. लांब मापाच्या चढवल्यास जाड भाग खुंटीला गुंडाळला जाऊन तार तुटू शकते. बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा चढा असेल, तर त्या तारेची घोडी किंचित मागे घ्यावी. उतरा असेल, तर पुढे.

वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून सांगतो : देखभालीचा खर्च टाळून मालमत्ता मोडीत काढणे हा व्यवहार नव्हे. नाचता येईना, अंगण वाकडे!