रिपोर्ट हातात आला की एक कोडे सोडवा

एक बॅट आणि एक चेंडू यांची मिळून किंमत ११० रुपये आहे. बॅट चेंडूपेक्षा १०० रुपयांनी महाग आहे. तर चेंडू कितीला?

‘दहा रुपये’ असे उत्तर मनात आले असेल तर वाईट वाटून घेऊ नका. बहुतेकांना आधी तेच सुचते. पण पडताळा करून पाहा. चेंडू १० रुपयांचा असेल तर त्याहून १०० रुपयांनी महाग बॅट ११० रुपयांची होईल आणि दोन्हींचे मिळून १२० रुपये होतील. बरोबर उत्तर आहे पाच रुपये. शेन फ्रेडरिक या अमेरिकी संशोधकाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशी तीन छोटी कोडी तीन हजारांहून अधिक लोकांना घातली होती. एमआयटीसारख्या नामांकित संस्थेतही तिन्ही कोडी अचूक सोडवणारे विद्यार्थी निम्म्याहून थोडे कमीच निघाले. खरे तर यासाठी लागणारे गणित शाळकरी मुलालाही येते. अडचण गणिताची नसते. पहिले उत्तर इतक्या झटकन आणि इतक्या खात्रीने येते, की ते तपासून पाहावे असे वाटतच नाही.

आपल्या घरात आजी घालत असलेल्या कोड्यांचीही गंमत हीच होती. लांब दाढीमिशांच्या पाटीलबुवांना रामराम घालणारे कोडे ऐकले की डोळ्यांसमोर पागोटेवाले गृहस्थ उभे राहतात आणि उत्तर निघते मक्याचे कणीस! पहिल्या चित्राला जो चिकटून बसला, तो हरला.

हल्ली मात्र कोड्यांकडे आपण औषध म्हणून पाहू लागलो आहोत. साठीच्या आसपासचे अनेक जण तपासणीला आले की सांगतात, ‘डॉक्टर, मी रोज सुडोकू सोडवतो. मला विसरभोळेपणाचा आजार व्हायचा नाही ना?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर थोडे हिरमोड करणारे आहे. स्कॉटलंडमध्ये १९३६ साली जन्मलेल्या ४९८ जणांच्या बुद्धीच्या चाचण्या त्यांच्या उतारवयात कित्येक वर्षे वारंवार घेतल्या गेल्या. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यभर डोक्याला खाद्य देणाऱ्यांची बौद्धिक पातळी वरची होती, पण वयानुसार होणाऱ्या घसरणीचा वेग त्यामुळे कमी झालेला दिसला नाही. म्हणजे उतरणीला सुरुवात थोड्या उंचावरून होते, उतार मात्र तोच राहतो. स्मृतिभ्रंश टाळायचा असेल तर रक्तदाब आणि मधुमेह आटोक्यात ठेवणे, तंबाखू सोडणे, ऐकू कमी येत असल्यास यंत्र लावणे, मोतीबिंदू वेळेवर काढणे आणि माणसांत राहणे, या गोष्टींचे पारडे शब्दकोड्यापेक्षा जड आहे.

मग कोडी सोडवू नयेत का? जरूर सोडवावीत. पण ‘मेंदूचा व्यायाम’ हे त्याचे खरे कारण नाही. चांगले कोडे आपले मन नेमके कुठे घसरते ते दाखवते. आणि ज्या जागी ते खेळात घसरते, त्याच जागी ते तपासणीचा रिपोर्ट हातात धरूनही घसरते. खेळात चूक झाली तर हसू होते. रिपोर्ट वाचताना झाली तर झोप उडते, पैसे जातात आणि कधी कधी नको ते उपचार मागे लागतात.

हे दाखवणारे एक कोडे वैद्यकाच्या जगात प्रसिद्ध आहे. एक आजार हजारात एकाला होतो. त्यासाठी एक तपासणी आहे. ज्याला आजार आहे त्याला ती हमखास पकडते असे धरू. मात्र आजार नसलेल्यांपैकी पाच टक्के लोकांचाही रिपोर्ट ती चुकून ‘पॉझिटिव्ह’ देते. आता कोणतीही लक्षणे नसलेल्या एका माणसाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. त्याला खरोखर तो आजार असण्याची शक्यता किती?

१९७८ साली हार्वर्ड मेडिकल स्कूलशी जोडलेल्या रुग्णालयांत ६० जणांना हे कोडे घातले गेले. त्यांत अनुभवी डॉक्टर होते, निवासी डॉक्टर होते आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी होते. सर्वाधिक वेळा आलेले उत्तर होते ९५ टक्के. बरोबर उत्तर देणारे ६० पैकी ११. या गोष्टीला पस्तीसेक वर्षे लोटल्यावर बॉस्टनच्या परिसरातच हाच प्रश्न पुन्हा ६१ जणांना विचारण्यात आला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत बरोबर उत्तर देणारे होते १४.

आता टक्केवारी बाजूला ठेवू आणि हजार वस्तीचे एक गाव डोळ्यांसमोर आणू. गावात आजार असलेला माणूस एक. त्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येणार. उरलेल्या ९९९ निरोगी माणसांपैकी पाच टक्के, म्हणजे सुमारे ५० जणांचा रिपोर्टही चुकून पॉझिटिव्ह येणार. म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट घेऊन चावडीवर जमलेली माणसे ५१ आणि त्यांत आजारी माणूस एकच. शक्यता ९५ नव्हे, तर जेमतेम दोन टक्के!

कोडे तेच, पण ‘टक्के’ सोडून ‘माणसे’ मोजली की ते उलगडते. गेर्ड गिगेरेन्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा मुद्दा अनेक वर्षे लावून धरला. तीच माहिती शेकड्याच्या भाषेत न देता ‘हजार जणांपैकी इतके’ अशी दिली, तर डॉक्टरांची उत्तरेही बरीच सुधारतात, असे त्यांनी दाखवून दिले. दोष बुद्धीचा कमी आणि माहिती मांडण्याच्या पद्धतीचा जास्त असतो.

यावरून ‘तपासण्या सगळ्या खोट्या’ असा अर्थ कुणी काढू नये. ती घाईच्या उत्तराचीच दुसरी बाजू झाली. समजा, हीच तपासणी ज्यांना त्या आजाराची ठळक लक्षणे आहेत अशा हजार जणांवर केली आणि त्यांतल्या ३०० जणांना खरोखर आजार आहे. आता पॉझिटिव्ह येतील ते ३०० आजारी आणि उरलेल्या ७०० पैकी ३५ निरोगी. म्हणजे ३३५ पैकी ३०० खरे, जवळपास ९० टक्के. प्रयोगशाळा तीच, रसायन तेच, कागदावरचा शब्दही तोच. पण तो कुणाच्या हातात आहे यावर त्याचा अर्थ दोन टक्क्यांवरून नव्वद टक्क्यांवर जातो. म्हणूनच डॉक्टर आधी ताप कधीपासून, वजन घटले का, घरात कुणाला आजार आहे का, असे विचारत बसतो. तो वेळकाढूपणा नसतो. रुग्ण कोणत्या ‘गावचा’ आहे, हे तो शोधत असतो.

हे गणित पुस्तकातले नाही, रोज ओपीडीत समोर येते. विडाल या तपासणीचेच पाहा. ही तपासणी टायफॉइडच्या जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये शोधते. आपल्याकडे टायफॉइड सर्रास आढळतो. त्यामुळे पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गाने किंवा लशीनेही ती प्रतिद्रव्ये रक्तात असू शकतात. पावसाळ्यात तापाने आलेल्या शंभर जणांची सरसकट विडाल केली तर बऱ्याच जणांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो, आणि त्यांतल्या अनेकांचा ताप डेंग्यूचा किंवा साध्या विषाणूचा असतो. पण कागदावर ‘पॉझिटिव्ह’ दिसले की कोडे सुटले असे सर्वांना वाटते. प्रतिजैविके सुरू होतात, सलाईन लागते, आणि डेंग्यूत ज्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहायला हवे ते मागे पडते. टायफॉइडची खात्री करण्याचा भरवशाचा मार्ग प्रतिजैविके सुरू करण्याआधी केलेले रक्ताचे कल्चर हा आहे. त्याला वेळ लागतो आणि घाईच्या मनाला तो नकोसा होतो.

दुसरे उदाहरण ‘फुल बॉडी चेकअप’चे. प्रयोगशाळेच्या कागदावर उजवीकडे ‘नॉर्मल’ची मर्यादा छापलेली असते. ती सहसा अशी ठरवतात, की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्या आत बसावेत. म्हणजे पाच टक्के निरोगी माणसे व्याख्येनेच बाहेर राहणार. आता एका ठणठणीत माणसाच्या २० वेगवेगळ्या तपासण्या केल्या. निदान एक तरी आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता किती? या तपासण्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असे धरले, तर ०.९५ ला स्वतःनेच वीस वेळा गुणत गेल्यास उत्तर येते सुमारे ०.३६. म्हणजे शंभर निरोगी माणसांपैकी ३६ जणांचाच कागद स्वच्छ येईल. उरलेल्या ६४ जणांच्या कागदावर कुठे ना कुठे ठळक अक्षरांतला आकडा दिसेल. पॅकेजमध्ये तपासण्या जितक्या जास्त, तितके निरोगी माणसाला ‘रुग्ण’ करणे सोपे. मग त्या एका आकड्यासाठी पुन्हा रक्त, मग सोनोग्राफी, मग आणखी एक डॉक्टर. सरकारी रुग्णालयात असे अनेक जण जाडजूड फायली घेऊन येतात. आजार नसतो, चिंता मात्र खरी असते आणि खर्च झालेला पैसाही खरा असतो.

तिसरे कोडे पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाचे, १९६६ सालचे. आपल्या लिपीत ते असे मांडता येईल. टेबलावर चार पत्ते आहेत: अ, क, ४ आणि ७. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला अंक आहे. नियम असा सांगितला जातो, की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. हा नियम खरा आहे की खोटा हे ठरवायला कोणते पत्ते उलटून पाहावे लागतील? बहुतेक लोक अ आणि ४ उलटतात. बरोबर उत्तर आहे अ आणि ७. चारच्या मागे व्यंजन निघाले तरी नियम मोडत नाही. पण सातच्या मागे स्वर निघाला तर तो कोसळतो. आपल्या मनाला पुरावा गोळा करायला आवडते, नियम मोडून पाहायला आवडत नाही.

काविळीची माळ ही याच कोड्याची आपल्याकडची आवृत्ती. गळ्यात घातलेली माळ दिवसागणिक लांबत जाते आणि ‘कावीळ उतरते आहे’ असे घरचे समाधानाने सांगतात. हिरव्या काड्यांचे तुकडे वाळून आक्रसतात, गाठी सैल होतात आणि दोरा लांबतो. पण ही माळ निरोगी माणसाच्या गळ्यात, किंवा नुसती खुंटीला अडकवून कुणी पाहत नाही. न उलटलेला पत्ता तोच. शिवाय दूषित पाण्यामुळे होणारी हिपॅटायटिस ‘ए’ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. माळ घातलेले बरे होतात हे सगळे सांगतात. माळ न घालता किती बरे झाले आणि माळ घालूनही किती बिघडले, हे कुणी मोजत नाही. गरोदर स्त्रीला झालेली हिपॅटायटिस ‘ई’ची कावीळ, लेप्टोस्पायरोसिस किंवा पित्तनलिकेतला अडथळा अशा वेळी माळेची लांबी पाहत घालवलेले चार दिवस जिवावर बेततात.

म्हणून माझे मत असे आहे, की ही कोडी रविवारच्या पुरवणीच्या कोपऱ्यातून बाहेर यायला हवीत. वैद्यकीय महाविद्यालयांत संख्याशास्त्र शिकवले जाते, पण ते परीक्षेपुरते राहते. प्रत्येक विद्यार्थ्याने रुग्णाला हात लावण्याआधी हजार वस्तीच्या गावाचे गणित कागदावर मांडून दाखवावे. शाळेत ‘शेकडेवारी’चा धडा नफा-तोट्यावर संपतो, त्यात एक रिपोर्टही यावा. आरोग्य पॅकेजच्या जाहिरातीत तपासण्यांची संख्या मोठ्या अक्षरांत असते. लक्षणे नसलेल्या हजार जणांत किती खऱ्या आजारांचा शोध लागतो आणि किती जणांना खोटा इशारा मिळतो, हेही तितक्याच मोठ्या अक्षरांत छापणे बंधनकारक करावे.

आणि तुमच्या हातात पॉझिटिव्ह रिपोर्ट येईल तेव्हा तो लपवू नका, टाळू नका आणि घाबरून मोबाइलवर शोधतही बसू नका. डॉक्टरांकडे जा आणि तीन प्रश्न विचारा. माझ्यासारख्या हजार जणांत हा आजार साधारण किती जणांना असतो? ज्यांना तो नाही, अशा किती जणांचा रिपोर्ट असाच येतो? आणि खात्रीसाठी पुढची तपासणी कोणती? डॉक्टर क्षणभर थांबून विचारात पडले, तर राग मानू नका. दहा रुपये हे उत्तर बाजूला सारायला तेवढा वेळ लागतोच.